बिशप कोमेनियस व लेंकरांची शाळा

खेड्यांतील मंडळ्यांत काम करणाऱ्या प्रत्येक उपदेशकास व शाळामास्तरास एक गोष्ट अनुभवाची आहे. लेंकरूं उभें राहून दहा आज्ञा व विश्वासांगीकार घडाघडा म्हणतें. परंतु त्यास मध्येंच थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला कीं तें आढ्याकडे पाहूं लागतें. दोन वर्षांनीं पाहावें तों त्या पाठांतरांतील पुष्कळसें विसरूनही गेलेलें असतें. तोंडानें म्हटलेलें मनांत कां उतरत नाहीं, आणि मनांत उतरलेलें जन्मभर कसें टिकतें, ह्या प्रश्नाचा एका सद्गृहस्थांनीं सुमारें चारशें वर्षांपूर्वीं फार खोल विचार केला. ते राजाश्रयानें सुखांत राहणारे पंडित नव्हते. ते एका छळलेल्या, लहानशा मंडळीचे पाळक होते, आणि हा प्रश्न त्यांच्या मंडळीच्या जगण्यामरण्याचाच प्रश्न होता. त्यांचें नांव योहान आमोस कोमेनियस. त्यांच्या स्वतःच्या चेक भाषेंत त्यांस कोमेन्स्की म्हणतात.

चेक देशाच्या पूर्वभागास मोराव्हिया असें नांव आहे. तेथें २८ मार्च १५९२ रोजीं त्यांचा जन्म झाला. त्या देशांत मार्टिन लूथर ह्यांच्या शंभर वर्षें आधीं यान हस ह्यांनीं लोकांस त्यांच्याच बोलींत सुवार्ता सांगितली होती, व त्याबद्दल १४१५ सालीं त्यांस जिवंत जाळण्यांत आलें. हस ह्यांच्या मागून १४५७ सालीं कांहीं साध्या लोकांनीं एकत्र येऊन जी मंडळी स्थापिली तिला बंधुमंडळी म्हणत. तिच्याजवळ धन नव्हतें, पण शाळा होत्या, छापखाना होता, आणि १५७९ सालापासून क्रमाक्रमानें छापून निघालेलें पवित्र शास्त्राचें चेक भाषांतर घरोघर होतें. अशा घरांत हा मुलगा जन्मला.

परंतु घराचें सुख त्यास फार दिवस लाभलें नाहीं. तो दहाबारा वर्षांचा असतांना त्याचे आईबाप व दोन बहिणी वारल्या. आत्यानें त्यास आपल्या घरीं नेलें. तों १६०५ सालीं शत्रुसैन्यानें तें गांवच जाळलें. ज्यांच्याकडे त्याचें पालकत्व होतें त्यांनीं त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिलें नाहीं. ह्यामुळें प्रेरोव्ह येथील बंधुमंडळीच्या लॅटिन शाळेंत त्याचें नांव दाखल झालें तेव्हां तो सोळा वर्षांचा घोडा झाला होता, आणि आठदहा वर्षांच्या पोरांच्या पंक्तीस बसून त्यास धुळाक्षरांपासून लॅटिन शिकावें लागलें.

ही नामुष्कीच पुढें सर्व युरोपच्या मुलांस उपयोगी पडली. लहान मुलास मारलें तर तें रडतें, आणि शिकण्याचें नांव म्हणजे असेंच असावयाचें असें समजतें. सोळा वर्षांच्या मुलास विचार करतां येतो. त्यानें पाहिलें कीं, ज्या भाषेचा एक शब्द कळत नाहीं त्या भाषेच्या व्याकरणाचे नियम त्याच भाषेंत पाठ करावे लागतात. शब्दांच्या याद्या घोकाव्या लागतात, परंतु त्या शब्दांनीं दर्शविलेली वस्तु कोणी दाखवीत नाहीं. आणि चुकलें कीं छडी. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत पोरें परवचा म्हणत, ती निदान आपल्या भाषेंत म्हणत. ह्या बिचाऱ्यांस तेवढाही आधार नव्हता. दहा वर्षें अशीं घालवून पुष्कळांस धड एक पत्र लिहितां येत नसे. दोष मुलांच्या डोक्यांत नाहीं, शिकविण्याच्या रीतींत आहे, ही गोष्ट त्या मोठ्या विद्यार्थ्याच्या मनांत तेथेंच पक्की झाली.

पुढें मंडळीनें त्यांस जर्मनींत हेर्बोर्न व हायडेलबर्ग येथें ईश्वरविद्येच्या अभ्यासास पाठविलें. १६१४ सालीं परत आल्यावर ते आपल्याच जुन्या शाळेंत शिक्षक झाले, आणि पहिलें काम त्यांनीं कोणतें केलें, तर मुलांसाठीं एक सोपें व्याकरण तयार केलें. १६१६ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १६१८ सालीं ते फुल्नेक ह्या गांवच्या मंडळीचे पाळक व शाळेचे मुख्य झाले. लग्न झालें होतें. संसार मांडला होता.

त्याच वर्षीं तीस वर्षांचें युद्ध पेटलें. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्राग शहराजवळ प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला, आणि बादशहानें बंधुमंडळीच्या पाळकांस देशांत थारा द्यावयाचा नाहीं असें ठरविलें. १६२१ सालीं फुल्नेक लुटलें गेलें. कोमेनियसांची पुस्तकें व कागद गेले. ते लपतछपत हिंडत असतां १६२२ सालीं त्यांची पत्नी व दोन्ही लेंकरें सांथीनें दगावलीं. तिशींतल्या ह्या मनुष्याजवळ घर, कुटुंब, ग्रंथ, सभास्थान ह्यांपैकीं कांहींच उरलें नाहीं. एका दयाळू सरदाराच्या जहागिरींत लपून असतां त्यांनीं जगाच्या चक्रव्यूहांत भटकणाऱ्या व शेवटीं ख्रिस्तास आपल्या अंतःकरणांत भेटणाऱ्या यात्रेकरूची कथा चेक भाषेंत लिहिली. चेक लोक आजही ती आपल्या भाषेचें भूषण मानतात. १६२४ सालीं मंडळीच्या एका बिशपांच्या मुलीशीं त्यांचें दुसरें लग्न झालें. १६२८ च्या हिवाळ्यांत ते आपल्या माणसांसह डोंगर ओलांडून पोलंडांतील लेश्नो गांवीं गेले. मायभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां घडलें नाहीं.

तेव्हां मात्र निर्वासितांस असें वाटत होतें कीं, वर्षादोन वर्षांत युद्ध फिरेल व आपण घरीं जाऊं. गेल्यावर काय करावयाचें? सभास्थानें दुसऱ्यांच्या ताब्यांत, पुस्तकें जाळलेलीं, पाळक देशोधडीस लागलेले. पुन्हां मंडळी उभारावयाची तर ती लेंकरांपासूनच उभारावी लागणार. शिपाई घर जाळूं शकतो, ग्रंथ हिसकावूं शकतो. पण लेंकराच्या मनांत जें खोल गेलें आहें तें काढून घेण्याचें हत्यार त्याच्यापाशीं नसतें. मग तें खोल कसें जाईल? ह्या विचारांतून कोमेनियसांनीं शिक्षणशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. तो पुढें लॅटिनमध्यें जगप्रसिद्ध झाला, पण आरंभीं तो चेक भाषेंत लिहिला होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तो परदेशच्या विद्वानांसाठीं नव्हता. उद्ध्वस्त गांवांतल्या शाळामास्तरांसाठीं होता.

त्या ग्रंथांतील मुख्य तत्त्व असें कीं, आधीं वस्तु, मग शब्द. जें डोळ्यांनीं पाहण्यासारखें आहे तें मुलाच्या डोळ्यांपुढें ठेवावें. जें ऐकण्यासारखें तें कानांस ऐकवावें. वास, चव, स्पर्श ह्यांचेंही तसेंच. वस्तु हजर नसेल तर तिची प्रतिकृति किंवा चित्र आणावें. डोळ्यांनीं पाहिलें, हातांनीं चाचपलें, आणि त्याच क्षणीं त्याचें नांव ऐकलें, म्हणजे नांव व वस्तु अशीं बांधलीं जातात कीं एक आठवतांच दुसरी आपोआप येते. जो शब्द वस्तूवांचून आला तो टरफलासारखा. वारा आला कीं उडून जावयाचा.

दुसरें असें कीं, समजल्यावांचून पाठ करावयास लावूं नये. कोमेनियसांनीं पाठांतराची हेटाळणी मुळींच केली नाहीं. स्मरणशक्तीस बालपणापासून रोज काम द्यावें, असेंच त्यांचें मत होतें. क्रम मात्र त्यांनीं बदलला : प्रथम समज, मग पाठ, मग तें स्वतःच्या शब्दांत दुसऱ्यास सांगणें. ह्या शेवटल्या पायरीस ते फार महत्त्व देत. मास्तरांनीं शिकविलेलें एका मुलानें उठून वर्गास पुन्हां सांगावें, दुसऱ्यानें त्यांतील चूक सुधारावी, आणि शाळा सुटल्यावर घरीं धाकट्या भावंडांस तेंच शिकवावें. जो दुसऱ्यास शिकवितो त्याचें स्वतःचें शिकणें दुप्पट होतें, हें त्यांनीं पुनःपुन्हां दाखविलें आहे. आमच्या मतें खेड्यांतील शब्बाथशाळेस ह्याहून स्वस्त व खात्रीचा उपाय सांपडणें कठीण. ह्यास पैसा लागत नाहीं; मास्तरांनीं थोडा वेळ गप्प बसण्याची तयारी मात्र लागते, आणि तीच आम्हां उपदेशकांस अवघड जाते.

तिसरें, ओळखीच्या गोष्टीपासून अनोळखीकडे जावें. आधीं उदाहरण, मागून नियम. आणि शिक्षण मातृभाषेंत आरंभावें. लॅटिन शिकावयाचें त्यानें शिकावें, परंतु बारा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाची शाळा त्याच्या स्वतःच्या बोलींत असावी. आमच्या खेड्यांतील बाया कधीं शाळेंत गेल्या नाहींत, तरी जात्यावरच्या शेंकडों ओव्या त्यांस मुखोद्गत असत. ओवी आपल्या बोलींत होती, तिला चाल होती, आणि हात काम करीत असतांना ती म्हटली जाई. कोमेनियसांस जात्याची माहिती असण्याचें कारण नाहीं, पण ह्या गोष्टीचें मर्म त्यांस पुरतें कळलें होतें.

चवथें, करूनच करावयास शिकतां येतें. लोहार आपल्या पोरास लोखंडावर व्याख्यान देत नाहीं; त्याच्या हातीं हातोडा देतो. तसेंच लिहून लिहिणें यावें, बोलून बोलणें, आणि प्रार्थना करून प्रार्थना. एका वेळीं थोडेंच द्यावें, कारण अरुंद तोंडाच्या भांड्यांत घागर उपडी केली तर बहुतेक पाणी बाहेरच सांडतें. रोज चार तास शाळा पुरे. आणि अभ्यास येत नाहीं म्हणून मुलास मारूं नये. वाद्य बेसूर वाजलें तर वाजविणारा त्यावर काठी हाणीत नाहीं, तारा जुळवितो. शिस्त पाहिजे, पण ती दुर्वर्तनाबद्दल, अडाणीपणाबद्दल नव्हे.

ह्या सर्वांपेक्षां धीट गोष्ट निराळीच होती. अशी शाळा सर्वांसाठीं असावी असें त्यांनीं लिहिलें : मुलांसाठीं तशीच मुलींसाठीं, श्रीमंतांसाठीं तशीच गरिबांसाठीं, शहरांत व खेड्यांतही. मंद बुद्धीच्या मुलांसही वगळूं नये, कारण त्यांसच साहाय्याची अधिक गरज असते. देवाच्या प्रतिरूपाप्रमाणें जो जो उत्पन्न झाला त्यास देवाचें जग व देवाचें वचन जाणण्याचा अधिकार आहे, येवढेंच त्यांचें प्रमाण. पहिल्या सहा वर्षांच्या शाळेस त्यांनीं आईच्या मांडीवरील शाळा असें मानलें व तिच्यासाठीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आई चुलीपाशीं बसून ऊन व थंड, कालचें व आजचें, आपलें व परक्याचें हे भेद शिकविते तेव्हां ती सर्व विद्यांचा पाया घालीत असते, असें त्यांत दाखविलें आहे.

लेश्नो येथील शाळेंत शिकवितां शिकवितां त्यांनीं १६३१ सालीं लॅटिन शिकण्याचें एक पुस्तक छापलें. त्यांत सुमारें ८००० शब्द १००० वाक्यांत गोंवले होते, व वाक्यें १०० प्रकरणांत लाविलीं होतीं. अग्नि, पाणी, झाडें, पशु, शरीर, शेती, घर, असा प्रत्येक प्रकरणाचा एक विषय असे. भाषा शिकतां शिकतां मूल जग शिके. पुस्तकाची कीर्ति अल्पावधींत सर्व युरोपभर पसरली, त्याचीं डझनभर भाषांत रूपांतरें झालीं, आणि कर्त्यास स्वतःलाच त्याचें आश्चर्य वाटलें. १६३२ सालीं मंडळीनें त्यांस आपल्या बिशपवर्गांत घेतलें.

आतां मोठमोठ्या लोकांचीं बोलावणीं येऊं लागलीं. १६४१ सालीं ते लंडनास गेले; तेथें सर्व विद्यांचें एक महाविद्यालय काढण्याचा बेत होता, पण आयर्लंडांत बंड व मागोमाग इंग्लंडांत यादवी होऊन तो बारगळला. नंतर स्वीडनच्या प्रधानांनीं त्यांस शाळांचीं पुस्तकें लिहिण्यास लाविलें. सहा वर्षें त्यांनीं एल्बिंग येथें हें काम केलें, आणि मनांत एक आशा धरली कीं, तह होईल तेव्हां स्वीडन आमच्या मंडळीसाठीं शब्द टाकील. १६४८ सालीं तह झाला. त्यांत बंधुमंडळीचा विचार कोणीं केला नाहीं. त्याच वर्षीं त्यांची दुसरी पत्नीही वारली. घरीं परतण्याची वाट कायमची बंद झाली होती.

१६५० सालीं ते हंगेरींतील शारोश्पाताक येथें गेले. तेथील राजघराण्यास आपली शाळा सुधारावयाची होती. विद्यार्थी सुस्त, वर्गांत कोणी तोंड उघडीना. कोमेनियसांनीं मग आपल्या लॅटिन पुस्तकाचीं आठ नाटकें रचिलीं. प्रत्येक मुलास कांहींना कांहीं होऊन उभें राहावयाचें व आपल्या कामाची माहिती सांगावयाची, अशी योजना होती. जे कोंपऱ्यांत बसून पेंगत ते मोठ्या सभेपुढें लॅटिन बोलूं लागले. शाळेंत नाटक कसलें, अशी कुरकूर प्रथम झाली. आमच्याही मंडळींत कांहीं वडील मंडळी ती करतीलच. परंतु आईबाप पाहावयास आले आणि कुरकूर थांबली.

येथेंच त्यांनीं आपलें सर्वांत प्रसिद्ध पुस्तक तयार केलें : चित्रांतील जग. हंगेरींत चांगला ठसेकार मिळेना, म्हणून तें १६५८ सालीं जर्मनींत न्यूरेनबर्ग येथें छापलें गेलें. त्यांत सुमारें १५० चित्रें आहेत. प्रत्येक चित्रांतील वस्तूंवर आंकडे घातलेले, आणि तेच आंकडे चित्राखालील वाक्यांत त्या त्या शब्दास लावलेले. एका बाजूस लॅटिन, शेजारीं मुलाची मातृभाषा जर्मन. नांगरणाऱ्याचें चित्र पाहावें, फाळावर जो आंकडा, वाक्यांत त्याच आंकड्यापाशीं फाळ हा शब्द. मास्तर नसला तरी मूल स्वतःच शोधून काढी. अक्षरओळख कशी करून दिली आहे तें पाहा : कावळा ओरडतो, कोंकरूं बें बें करतें, तान्हें मूल रडतें, वारा फुंकतो, हंस, अस्वल, प्रत्येकाच्या आवाजांत एक अक्षर. पुस्तकाचा आरंभ देवापासून होतो. मग आकाश, अग्नि, वारा, पाणी, फळें, पाखरें, भाकरी भाजणारा, मध काढणारा, लोहार, विणकर. आणि शेवट न्यायाच्या दिवसानें होतो. जें दिसत नाहीं तें कसें दाखवावें हाही प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. मनुष्याच्या आत्म्यासाठीं त्यांनीं केवळ ठिपक्यांची मानवाकृति काढविली : आकार आहे, पण धरावयास कांहीं नाहीं. आमच्या प्रभूनेंही पेरणारा, मोहरीचा दाणा, दिवा, खमीर हींच दाखवून स्वर्गाचें राज्य शिकविलें. ह्या बिशपांनीं तीच वाट धरली. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपांतील मुलें ह्या पुस्तकावर वाढलीं. कवि गटे ह्यांनींही लहानपणीं तें वाचलें होतें.

परंतु चरित्र लिहितांना एकच बाजू लिहूं नये. ज्यांनीं मुलांस आपल्या डोळ्यांनीं पाहून खात्री करून घ्यावयास शिकविलें, तेच स्वतः कांहीं लोकांच्या दृष्टांतांवर व भविष्यांवर फार भोळेपणानें विश्वास ठेवीत. त्यांचा बाळमित्र मिकुलाश द्राबिक हा बादशहाचें राज्य अमुक वेळीं बुडेल असें सांगत असे. तो काळ येई व जाई, तरी कोमेनियसांनीं १६५७ सालीं तीं भविष्यें छापून प्रसिद्ध केलीं, आणि विद्वानांत हंसें करून घेतलें. परदेशांत म्हातारें होत चाललेलें मन घरीं जाण्याच्या एका शब्दासाठीं किती भुकेलेलें असतें, हें त्यावरून कळतें. त्याआधीं १६५५ सालीं स्वीडनच्या राजानें पोलंडवर स्वारी केली तेव्हां त्यांनीं त्या राजाची स्तुति लिहिली. आश्रय देणारा देश पोलंड. पोलिश लोकांस हें कसें सहन व्हावें? एप्रिल १६५६ मध्यें त्यांनीं लेश्नो जाळलें. कोमेनियसांचें घर व ग्रंथ गेलेच, शिवाय चाळीसांहून अधिक वर्षें खपून जुळविलेला चेक भाषेचा कोश राख झाला. ह्या एका नुकसानाबद्दल त्यांचा शोक मरेपर्यंत ओसरला नाहीं.

चौसष्टाव्या वर्षीं ते अॅम्स्टरडॅमला आले. तेथें एका श्रीमंत मित्राच्या पुत्रानें त्यांस आसरा दिला, व १६५७ सालीं त्यांचे शिक्षणावरील सर्व ग्रंथ एकत्र छापले गेले. म्हातारपणीं त्यांनीं मंडळीसाठीं गीतांचें पुस्तक काढलें. आणि १६६१ सालीं एक लहानशी प्रश्नोत्तरावलि जर्मन भाषेंत छापली. ती त्यांनीं कोणा राजास अर्पण केली नाहीं. फुल्नेकच्या आसपासच्या ज्या खेड्यांत चाळीस वर्षांपूर्वीं ते पाळक होते, तेथें उरलेल्या विखुरलेल्या मेंढरांस त्या खेड्यांच्या नांवांचीं केवळ आद्याक्षरें घालून ती अर्पण केली होती. तेथें उघड उपासना करण्यास बंदी होती. जें कांहीं चालावयाचें तें रात्रीं, दार लावून, आईबापांनीं लेंकरांस सांगून. त्या यादींत त्साउखटेनथाल नांवाचें एक खेडें होतें.

१५ नोव्हेंबर १६७० रोजीं कोमेनियस मरण पावले. त्यांस नार्डेन गांवच्या एका लहान उपासनामंदिरांत पुरण्यांत आलें. पुढें ती जागाही लोक विसरले. १९२९ सालीं त्यांच्या अस्थींचा शोध लागला. 

बावन वर्षांनीं, १७२२ सालीं, मोराव्हियांतील कांहीं कुटुंबें रात्रीं घरें सोडून निघालीं व जर्मनींत काउंट त्सिंत्सेनडोर्फ ह्यांच्या जमिनीवर राहावयास आलीं. त्या वस्तीस हेर्नहूट म्हणतात. तेथें जी मंडळी पुन्हां उभी राहिली तिनें १७३२ सालीं आपले पहिले मिशनरी वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांकडे पाठविले, आणि १८८५ सालीं तिच्याच लोकांनीं आमच्या देशांत लडाखांतील लेह येथें काम आरंभिलें. वेस्ट इंडीजला गेलेल्या पहिल्या दोघांत डेव्हिड निट्शमान नांवाचा एक सुतार होता. तो त्साउखटेनथालचा. १७३५ सालीं बर्लिन येथें त्यास नव्या मंडळीचा पहिला बिशप म्हणून दीक्षा देण्यांत आली. त्याच्या डोक्यावर हात ठेवणारे वृद्ध बिशप डॅनियल एर्न्स्ट याब्लोन्स्की हे कोमेनियसांच्या मुलीचे पुत्र होते.